तोंडातली जखम साधी की कॅन्सरची? पहिल्या दिवसापासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत, क्रमानं

दवाखान्यात आलेला पेशंट तोंड उघडायच्या आधी यादी सांगतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दहा दिवस. उष्णता असेल म्हणून सब्जा आणि गुलकंद. तुरटीच्या गुळण्या. मेडिकलवाल्यानं दिलेलं जेल. मग दाढ हलायला लागली म्हणून ती काढली. मी विचारतो, "हे सुरू कधी झालं?" तो बायकोकडे बघतो. ती म्हणते, "गणपतीच्या आधीच दिसलं होतं ना तुम्हाला?" आणि आता संक्रांत होऊन गेलेली असते. या साडेचार महिन्यांत त्या जखमेला कुणी एकदाही बोट लावून बघितलेलं नसतं.

तंबाखू, खर्रा, मावा, मिश्री, गुटखा किंवा नुसती सुपारी खाणाऱ्या प्रत्येकानं खालची तपासणी महिन्यातून एकदा करावी. बाकीच्यांनी तोंडात काही नवं दिसलं की करावी. कॅन्सरचं निदान घरी होत नाही, ते बायोप्सीनंच होतं, म्हणजे जखमेचा लहान तुकडा काढून लॅबमध्ये तपासून. घरी एवढंच ठरवायचं, की चौदा दिवस थांबायला हरकत नाही की आजच निघायला हवं.

१. सगळ्यात आधी तारीख लिहा

जखम जाणवली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. शेजारी दोन शब्द लिहा: "डावी जीभ", "उजवा गाल खाली". मोबाइलवर फोटो काढता आला तर उत्तम, कारण फोटोवर तारीख आपोआप येते. फोटो दर वेळी त्याच उजेडात आणि तेवढ्याच अंतरावरून घ्या, नाहीतर मोठी झाली की लहान झाली हे कळत नाही.

हे पहिल्या नंबरावर ठेवण्याचं कारण साधं आहे. आपण ज्याला "तोंड आलंय" म्हणतो ते नेहमीचे फोड ७ ते १४ दिवसांत भरतात. गाल चावला गेला, टोस्टचा कडक तुकडा लागला, चुन्यानं भाजलं, तरी साधारण तेवढ्याच दिवसांत भरतं. कॅन्सरची जखम भरत नाही. म्हणून दिवसांचा हिशेब हीच पहिली तपासणी आहे, आणि नेमकी तीच चुकते.

*चूक:* एक फोड बरा होऊन दुसऱ्या जागी दुसरा उठला, तर लोक म्हणतात "सहा महिने तोंड आलंय". ते वेगळं प्रकरण आहे. जागा बदलणारे, येणारे-जाणारे फोड बहुधा साधे असतात (रक्तातलं लोह, बी-१२ तपासून घ्यावं, पण घाई नाही). त्याच जागी तीन आठवडे बसलेली एकच जखम, ही काळजीची गोष्ट.

२. तपासणीची तयारी

लागणाऱ्या वस्तू: आरसा, मोबाइलची टॉर्च, स्वच्छ सुती रुमाल किंवा गॉजचा तुकडा, साबणानं धुतलेले हात आणि शक्य असेल तर टॉर्च धरायला घरातलं कुणीतरी.

कवळी असेल तर काढा. ती आत ठेवूनच बघणारे बरेच भेटतात, आणि जखम असते नेमकी कवळीखाली. तोंडात तंबाखू किंवा सुपारी असेल तर थुंकून दोन-तीन चुळा भरा आणि अर्धा तास जाऊ द्या. तंबाखूचा थर आणि पानाचा लाल रंग यांत खरा चट्टा लपतो.

*तपासा:* उजेड पाठीमागून तर येत नाही ना? आरशात स्वतःची पडजीभ दिसत नसेल तर उजेड कमी आहे. आधी तो सुधारा.

३. बघायचा क्रम: बाहेरून आत, आणि दोन्ही बाजू

ठरलेल्या क्रमानं बघितलं नाही तर एक कोपरा हमखास राहतो. प्रत्येक जागा डावीकडे बघितली की लगेच उजवीकडे बघा. दोन्हीकडे सारखं असेल तर ते बहुतेक तुमच्या तोंडाची ठेवण आहे. एकाच बाजूला असेल तर थांबून नीट बघा.

*ओठ.* खालचा ओठ बोटांनी उलटा करून आतली बाजू बघा, मग वरचा.

*गाल आणि हिरडी यांमधली खाच.* इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडे तंबाखूचा बार ज्या जागी धरला जातो ती ही जागा, आणि आपल्या भागातले तोंडाचे कॅन्सर मोठ्या संख्येनं इथेच सुरू होतात. गाल बोटानं बाहेर ओढा, अगदी शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत. विदर्भात खर्रा खाणारे सांगतात, "मी दोन्हीकडे ठेवतो". मग दोन्हीकडे बघा. मिश्री लावणाऱ्या बायकांनी पुढच्या दातांपासून मागच्या दाढांपर्यंत हिरडीची सगळी कड बघावी. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते," असं मिश्रीबद्दल आजही ऐकू येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

*जीभ.* बाहेर काढून वरून बघणं पुरेसं नाही. जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा कडेला होतो. जिभेचं टोक रुमालात धरा, एका बाजूला ओढा आणि कड मागेपर्यंत बघा. मग दुसरी बाजू. मग टोक टाळूला लावून जिभेखालचा भाग.

*टाळू आणि घसा.* डोकं मागे टाकून बघा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी इथे थोडं जास्त थांबावं.

*तोंड किती उघडतं.* स्वतःची तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) एकावर एक उभी धरून पुढच्या दातांत घाला. तीन जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून कातड्यासारखे ताठ लागत असतील, तर ते सुपारीमुळे होणारं सबम्युकस फायब्रोसिस असू शकतं. अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. जखम नसली तरी दाखवा. "मी नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही" या वाक्याला अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे.

घाबरू नये अशा गोष्टी

पहिल्यांदा तोंड नीट बघणारा माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो. जिभेच्या अगदी मागे इंग्रजी व्हीसारख्या रांगेत असलेले मोठे दाणे सगळ्यांना असतात. वरच्या दाढांसमोर गालावर असलेला बारीक उंचवटा म्हणजे लाळग्रंथीच्या नळीचं तोंड. दात जिथे मिटतात त्या उंचीवर गालावर आडवी पांढरी रेघ असते. टाळूच्या मधोमध हाडासारखी कडक, गुळगुळीत गाठ असेल आणि वर्षानुवर्षं तशीच असेल, तर ते हाडच असतं. यातली एकही गोष्ट काढायची नसते, तिच्यावर औषधही नसतं.

४. आता बोट लावा

लोक इथवर येतात आणि थांबतात. डोळ्यांना लहान दिसणारी जखम बोटाला केवढी लागते, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

तर्जनी तोंडात, अंगठा बाहेर गालावर, अशी चिमूट करून गाल पुढून मागे चाचपत जा. जिभेखालचा भाग चाचपताना एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली बाहेरून ठेवा. जीभ रुमालानं धरून कड दोन बोटांत दाबा.

साधा फोड मऊ लागतो. त्याच्या खालचा भाग आजूबाजूसारखाच असतो आणि बोटानं सरकवला तर जखम गालासोबत सरकते. कॅन्सरची जखम कडक लागते. नाकाचा शेंडा दाबून बघा, मग कपाळ दाबून बघा: साधी जखम फार तर नाकाच्या शेंड्याइतकी घट्ट असते, कॅन्सरचं बूड कपाळाकडे झुकतं. शिवाय हा कडकपणा जखमेच्या कडेबाहेरही पसरलेला असतो, म्हणजे दिसते एक सेंटिमीटर आणि बोटाला लागते दोन. असं लागलं तर चौदा दिवसांचा हिशेब तिथेच सोडा.

पांढरा चट्टा असेल तर गॉजनं हलकेच पुसा. पुसला गेला आणि खाली लालसर दिसलं तर बहुधा बुरशी आहे (दम्याचा पंप वापरणाऱ्यांत आणि मधुमेहात होते). पुसला जात नसेल तर तो चट्टा डॉक्टरला दाखवायचा. मखमलीसारखा लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा; तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतो.

मग मान. जबड्याच्या खालची कड, कानाखाली आणि मानेच्या दोन्ही बाजू बोटांच्या पेरांनी चाचपा. दाताच्या दुखण्यानं येणारी गाठ दुखरी असते, थोडी मऊ असते आणि दाताचं दुखणं बरं झालं की बसते. कडक, न दुखणारी, एका जागी रुतल्यासारखी गाठ वेगळी.

*चूक:* रोज चाचपणे. बोट लावून लावून साधी जखमही चिघळते. एकदा नीट बघा, लिहून ठेवा, मग सातव्या आणि चौदाव्या दिवशी बघा.

५. जखम वाचायची कशी

जागा, कडा, तळ, रक्त आणि दुखणं, या क्रमानं. दुखणं शेवटी ठेवलं आहे ते मुद्दाम.

नेहमीचा फोड ओठाच्या आत, गालावर, जिभेखाली अशा मऊ, हलत्या जागी येतो. गोल किंवा लांबट, तळ पिवळसर पांढरा, भोवती लाल कडं. बहुतेक वेळा एक सेंटिमीटरपेक्षा लहान, आणि जेवताना जीव जाईल इतका झोंबतो. काहींना मोठे फोड येतात, ते भरायला अनेक आठवडे लागतात आणि मागे वण राहतो. त्यांचा इतिहास जुना असतो, पण तेही तीन आठवड्यांवर गेले तर दाखवायचेच.

दात किंवा कवळीमुळे झालेली जखम बरोबर त्या टोकासमोर असते. तोंड मिटलं की टोक जखमेत बसतं. कडा थोडी पांढरी, जाड होते, त्यामुळे दिसायला भीतिदायक असते. इथे चांगले डॉक्टरही लगेच काही ठामपणे सांगत नाहीत, आधी टोक घासतात.

कॅन्सरच्या जखमेची कडा बाहेर वळलेली, उचललेली असते; काही वेळा फुलकोबीसारखी वाढ दिसते. तळ ओबडधोबड असतो, त्यावर मेलेल्या पेशींचा थर बसतो, वास येतो. ब्रश लागला तरी रक्त येतं. आणि दुखणं? सुरुवातीला बहुधा नसतंच. "दुखत नाही म्हणजे काही नसेल" हे मी ऐकलेलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. साधा फोड पहिल्या दिवसापासून बोंब मारतो. ही जखम कितीतरी दिवस गप्प असते.

जिभेवर आतून पोखरलेल्या कडेची, दुखरी, न भरणारी जखम क्षयाचीही असू शकते. खोकला, ताप, वजन घटणं सोबत असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. तिथेही निदान बायोप्सीनंच होतं.

६. कारण काढा, मग चौदा दिवस मोजा

जखम मऊ आहे, लहान आहे आणि खाली दिलेल्या यादीतलं काहीही नाही, तरच हा टप्पा.

पहिल्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडून टोकदार दात घासून घ्या. कवळी टोचत असेल तर तिची टोचणारी कडही त्यांच्याकडूनच घासून घ्या आणि जखम भरेपर्यंत शक्य तेवढी बाहेर ठेवा. तंबाखू, सुपारी, मिश्री पूर्ण बंद. जागा बदलून दुसऱ्या गालात ठेवणं म्हणजे बंद नव्हे. एकट्यानं सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा, मोफत आहे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तिखट कमी, मऊ ब्रश. बस.

काय लावायचं नाही तेही लिहितो: लवंगेचं तेल, ठेचलेली अ‍ॅस्पिरिन, चुना, तंबाखूची गोळी. यांनी भाजून नवी जखम होते आणि मूळची कुठली हेच कळेनासं होतं. मेडिकलमधलं बधिर करणारं जेल दोन-चार दिवस ठीक. स्टिरॉइडचं मलम स्वतःहून नको: त्यानं लाली उतरते, दिसायला बरं वाटतं आणि महिना जातो.

*तपासा:* कारण काढल्यावर सातव्या दिवशी जखम स्पष्टपणे लहान दिसायला हवी. चौदाव्या दिवशी भरलेली किंवा जवळपास भरलेली हवी. तसं नसेल तर "अजून आठवडाभर बघू" ही सवलत नाही. जखम सुरू झाल्यापासूनच तीन आठवडे उलटून गेले असतील तर टोक घासून घ्या, पण त्याच दिवशी बायोप्सीचंही विचारा.

थांबू नका, त्याच आठवड्यात जा, जर:

- जखमेचं बूड कडक असेल, किंवा ती आपोआप किंवा जरा लागलं की रक्त देत असेल
- मानेत कडक, न दुखणारी गाठ असेल
- कीड किंवा हिरडीचा आजार नसताना एखादा दात अचानक हलायला लागला असेल
- दात काढलेली जागा तीन आठवड्यांनीही भरली नसेल, किंवा तिथून मांस वर येत असेल
- खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूला बधिर झाली असेल
- जीभ एका बाजूला अडकते, बोलणं बदललं आहे, गिळताना अडतं आहे
- कानात काही नसताना त्याच बाजूच्या कानात सतत ठणका आहे

दाताबद्दलच्या दोन मुद्द्यांवर पुन्हा बोट ठेवतो. हिरडीतल्या कॅन्सरमुळे दात हलतो, तो "हलणारा दात" म्हणून काढला जातो, आणि वाढीला हाडात जायला मोकळी वाट मिळते. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एकच दात हलत असेल तर काढण्याआधी एक्स-रे मागा आणि हिरडी नीट बघायला सांगा.

७. कुणाकडे जायचं, काय सांगायचं

दातांचे डॉक्टर, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मुख शल्यचिकित्सक, तिघांपैकी कुणीही. पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. गावात असाल तर आशाताईंना विचारा. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंड तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच.

जाताना कागदावर लिहून न्या: सुरुवातीची तारीख, काय खाता आणि किती वर्षं, आजवर काय काय लावलं, चालू गोळ्या. गोळ्यांचं पाकीटच न्या. हृदयासाठीची निकोरँडिल आणि संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट यांनीही तोंडात जखमा होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीआधी डॉक्टरला माहीत हवीच. मात्र ती स्वतःच्या मनानं बंद करू नका.

तंबाखूचं खरं सांगा. सुनेसमोर सांगायची लाज वाटत असेल तर तिला बाहेर बसवा.

८. बायोप्सी

"सुरी लागली की पसरतं." या भीतीपायी जेवढे महिने वाया जातात तेवढे दुसऱ्या कशानं जात नसतील. बायोप्सीच्या लहानशा तुकड्यानं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो तो न काढल्यानं.

जागा बधिर करून जखमेच्या कडेचा तुकडा घेतात, थोडा निरोगी भागासकट. मधल्या मेलेल्या भागातून घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती सूज येते. लागलाच तर एखादा टाका पडतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. त्या दिवशी थंड, मऊ खा. जोरात चूळ भरू नका, रक्ताची गुठळी निघते.

आता दोन चुका, घरच्यांनी टाळायच्या. तुकड्याची बाटली तुमच्याच हातात देऊन लॅबमध्ये पाठवलं, तर बाटलीत फॉर्मेलिन (तुकडा कुजू न देणारं द्रव) आहे ना आणि वर पेशंटचं नाव आहे ना, हे तिथेच बघा. एका पेशंटच्या मुलानं वाटेत बाटली सांडली म्हणून नळाचं पाणी भरलं होतं. तुकडा कुजला, सगळं पुन्हा करावं लागलं. दुसरी चूक: "छोटंसंच आहे, पूर्ण काढून टाकतो" याला लगेच होकार देणं. संशयित जखम नियोजनाशिवाय पूर्ण काढली की कॅन्सर निघाल्यावर मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनला ती नेमकी कुठवर होती हे कळत नाही. आधी तुकडा, मग रिपोर्ट, मग ऑपरेशन.

मानेत गाठ असेल तर ती कापून तपासायची नसते. सुईनं पेशी घेतात, ती तपासणी वेगळी.

९. रिपोर्ट हातात आल्यावर

"स्क्वामस सेल कार्सिनोमा" म्हणजे कॅन्सर. "डिस्प्लेसिया" म्हणजे पेशी बिघडायला लागल्या आहेत, अजून कॅन्सर नाही. सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या असतात आणि तीव्र असेल तर ती जागा सहसा काढतात. "हायपरप्लासिया" किंवा "क्रॉनिक इन्फ्लमेशन" म्हणजे त्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही.

त्या तुकड्यात. जखम अजून तशीच आहे, कडक आहे आणि रिपोर्ट स्वच्छ आहे, तर पेढे वाटू नका. दुसऱ्या जागेतून पुन्हा बायोप्सी करायला सांगा. डॉक्टरला राग येणार नाही. आलाच तर दुसरा डॉक्टर गाठा.

कॅन्सर निघाला तर लॅबमधून नुसता कागद आणू नका. स्लाइड (काचपट्टी) आणि मेणाचा ब्लॉक (तुकडा ज्यात बसवून ठेवतात तो ठोकळा) मागून घ्या. पुढचं रुग्णालय ते स्वतः पुन्हा तपासतं, नसेल तर तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. आधार, रेशनकार्ड आणि फोटो सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेलं रुग्णालय विचारून घ्या. उपचार सुरू झाल्यावर योजनेत शिरण्यापेक्षा आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटलेलं बरं. दोन सेंटिमीटरच्या आतली, खोल न गेलेली, मानेत न पसरलेली जखम बहुतेक वेळा एका ऑपरेशनमध्ये आटोपते. जबडा, मान, रेडिएशन हे सगळं पुढच्या टप्प्यांवर येतं.

जखम भरली आणि रिपोर्टही स्वच्छ आला, तरी कॅलेंडरवरची ती खूण पुसू नका. तिच्यापुढे तीन महिन्यांनंतरच्या तारखेवर दुसरी खूण करा, आणि त्या दिवशी त्याच जागी पुन्हा टॉर्च मारा.